बिनबाह्यांचं जाकीट

आठ महिन्यांची चिमी दुपारी झोपली, की तिची आई दर पाच मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. महिन्यापूर्वी चिमीला तीन रात्री दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आता काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, ते तिने वहीत लिहूनही ठेवलं होतं. पण तेव्हापासून आईला स्वतःला ना रडू यायचं ना हसू. बोट तेवढं नेमाने जायचं. बोट लागलं की चिमी दचकून उठायची आणि दोघींच्या दुपारचं मातेरं व्हायचं.

सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं. लेकीला तासभरही एकटं झोपू देता आलं नाही तर राजीनामा देणार, हे तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, घरातलं मीठ संपलंय म्हणावं तसं.

शनिवारी सासूबाईंनी स्वतःचा जुना पांढरा स्वेटर उसवून लोकरीच्या दोन लड्या केल्या. एक बाह्यांची, एक पाठपोटाची.

"चिमीला पिवळं जाकीट विणते. रंगवायचं तू. माझ्याच्याने पातेलं उचलवत नाही."

बाह्यांची लडी गरम रंगात सोडल्यावर त्यांनी एवढंच बजावलं, "आता निवेपर्यंत हात लावायचा नाही."

तिला कुठलं राहवतंय. रंग एकीकडेच बसतोय की काय म्हणून तिने झाकण काढून ढवळलं. पाणी फार गरम वाटलं म्हणून गार ओतलं. पुन्हा ढवळलं. संध्याकाळी पातेल्यातून निघाला तो गच्च गोळा. धागा धाग्यात असा रुतलेला की टोक सापडेना.

सासूबाईंनी तो तळहातावर तोलला. "बाह्या गेल्या."

"चुकलं, आई."

"दूध होतं का ते, उतू जायला?"

एरवी ती हसली असती.

रविवारी दुपारी चिमी झोपली. दुसरी लडी रंगात गेली, गॅस बंद झाला, झाकण पडलं. सासूबाईंनी कालचा गोळा तिच्या हाती दिला.

"हा सोडव बसून."

"सुटेल?"

"छे. पण हात गुंतलेले राहतील."

ती नखाने गोळा कोरत बसली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मग ती उठून खोलीच्या दारापर्यंत गेली. आत काही आवाज नव्हता. उंबऱ्याशी ती उभी राहिली, गोळा दोन्ही हातांत. भीती वाटायला हवी होती, तीही वाटेना. ती परत येऊन बसली. सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

तासाच्या वर थोडा वेळ गेला आणि आतून चिमीचं रडणं आलं.

"जा. आता तिने बोलावलंय," सासूबाई म्हणाल्या.

चिमीला कडेवर घेऊन तिने झाकण काढलं. लोकर कुठे हळदीसारखी, कुठे अगदी फिकी. पण धागा न् धागा सुटा.

"एकसारखा नाही बसला रंग."

"नसू दे." सासूबाईंनी लडी पिळून दोरीवर टाकली. "उद्या डबा किती वाजता हवा?"

चिमीने आईच्या हातातला गोळा ओढून तोंडाशी नेला होता. तो तिने काढून घेतला नाही.

"साडेआठला," ती म्हणाली.