नवरदेवाला मिठी मारू नका

लग्न चार दिवसांवर आलेलं असताना मोहसीननं कामोठ्याच्या टर्फवर एका झेलासाठी उडी मारली. झेल सुटला, मोहसीन डाव्या खांद्यावर आपटला आणि आत काहीतरी कडकन वाजलं. तो आवाज पलीकडे उभ्या असलेल्या शैलेशलासुद्धा ऐकू आला. शैलेश म्हणजे न्हावा शेव्याच्या ऑफिसात मोहसीनच्या शेजारच्या टेबलावर बसणारा दोस्त आणि लग्नातला त्याचा उजवा हात. आता डावाही तोच होणार होता.

पनवेलच्या हाडांच्या डॉक्टर कीर्ती ठाकूर यांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"हे गळ्याखालचं आडवं हाड. कॉलरबोन. खांद्यावर पडलं की बहुतेकांचं इथंच, मधोमध मोडतं. ऑपरेशनची गरज नाही. सहा आठवडे पट्टा बांधायचा."

"आणि लग्न?" शैलेशनं विचारलं.

"कुणाचं?"

"याचंच. शुक्रवारी आहे."

डॉक्टरांनी मोहसीनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "करा की. सही उजव्या हातानंच करता ना? वजन उचलू नका, हात खांद्याच्या वर नेऊ नका आणि कुणाला मिठी मारू देऊ नका."

"डॉक्टर, निकाह झाला की अख्खी जमात गळ्यात पडते," मोहसीन रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग जमातीला सांगा."

तेच तर सांगता येत नव्हतं. हादियाचे अब्बा दाऊदशेठ, पनवेलच्या बाजारातले भांड्यांचे व्यापारी, यांनी हे लग्न आधीच दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा त्यांच्या भावाला कुवेतहून सुट्टी मिळाली नाही म्हणून आणि एकदा हॉलचा एसी त्यांना पसंत पडला नाही म्हणून. मुलगी सासरी पाठवायची म्हटलं की त्यांना काही ना काही कारण सापडायचंच. मोहसीनच्या अम्मीनं, गुलशननं, पट्टा बघितला, कपाळावर हात मारला आणि पहिलंच वाक्य बोलली ते असं, "दाऊदभाईंना कळता कामा नये. हाड मोडलेला नवरा हे त्यांना आयतंच कारण मिळेल."

पट्टा दोन्ही खांद्यांवरून काखेतून मागे जायचा आणि पाठीवर फुली मारून आवळला जायचा. त्यामुळे खांदे मागे आणि छाती पुढे. दिवसभर कॉम्प्युटरपुढे पोक काढून बसणारा मोहसीन आता परेडला निघालेल्या हवालदारासारखा दिसू लागला. शेरवानीची बटणं लागेनात. शिंप्यानं बाजूची शिवण उसवत विचारलं, "जिम लावली वाटतं?" आधी मोडका हात बाहीत घालायचा आणि मग चांगला, हे अम्मी आणि शैलेशला दोन रात्रींच्या झटापटीनंतर उमगलं. तोवर मोहसीननं तिन्हीत्रिकाळ अल्लाची आठवण काढली होती.

निकाह व्यवस्थित पार पडला. मोहसीननं खणखणीत आवाजात तीनदा कबूल म्हटलं आणि सहीही केली. खजूर वाटले गेले आणि माणसं उठली.

शैलेश डाव्या बाजूला भिंतीसारखा उभा राहिला. पहिला आला तो मोहसीनचा मामा, हात पसरून. शैलेश मध्ये घुसला आणि मामाला स्वतःच कडकडून भेटला. "मामू, त्याच्या शेरवानीवर जरीकाम नाजूक आहे. माझ्याकडे द्या, मी पोचवतो." मग चुलते, मग शेजारी, मग ऑफिसातले. एकेकाची मिठी शैलेश घेत गेला. उरणहून आलेल्या, कमी दिसणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी तर त्यालाच नवरा समजून छातीशी धरलं आणि भरपूर मुलं होण्याची दुआ दिली. शैलेशनं मान खाली घालून आमीन म्हटलं.

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती. "गुलशनच्या पोराला भलताच माज आलाय. बघ, मान वाकवत नाही. मिठी मारायला माणूस ठेवलाय!" गुलशननं ते ऐकलं आणि घोटभर सरबताबरोबर गिळून टाकलं.

दाऊदशेठ मात्र खूश होते. "माशाल्ला, काय उभा आहे!" ते ज्याला त्याला दाखवत होते. "असा ताठ माणूस हवा."

निरोपाची वेळ आली. हादिया आईच्या गळ्यात पडून रडली, भावाच्या गळ्यात पडून रडली. दाऊदशेठ डोळे पुसत जावयाकडे वळले. शैलेश पुढे झाला, पण मुलीच्या बापाला अडवणार कसं? दाऊदशेठनी त्याला अलगद बाजूला सारलं, उजवा हात मोहसीनच्या डाव्या खांद्यावरून टाकला आणि जीव तोडून आवळलं.

"या अल्ला! अम्मी गं!" मोहसीन किंचाळला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. दाऊदशेठनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा स्वतःचा बांध फुटला. "अरे, मुलगी माझी चाललीय आणि रडतोयस तू? इतका मऊ काळजाचा आहेस?" असं म्हणून त्यांनी त्याला पुन्हा जवळ ओढलं आणि मोडक्या हाडावर थोपटू लागले. मोहसीन हुंदके देऊ लागला. मघाशी त्याला माजोरडा म्हणणाऱ्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले.

गाडी कामोठ्याकडे निघाली. प्रत्येक गतिरोधकावर मोहसीन दात आवळून "हं" करत होता. पहिल्याच सिग्नलला हादिया हळूच म्हणाली, "पट्टा सैल झालाय का?"

मोहसीन गार पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"माज त्या दिवशी शेजारच्या टर्फवर खेळत होता." माज म्हणजे तिचा भाऊ. "त्याच रात्री सांगितलं त्यानं. मी त्याला कुराणाची शपथ घातली, अब्बांना सांगू नकोस म्हणून. आणखी एकदा तारीख बदलली असती तर मी स्वतःच रिक्षा करून तुमच्या घरी आले असते."

मोहसीनला हसू आलं. हसल्यावर खांदा दुखला आणि मग दोघंही हसू दाबत बसले.

वलीम्याच्या, म्हणजे नवऱ्याकडच्या मेजवानीच्या दिवशी दाऊदशेठ पुन्हा हात पसरून आले, तेव्हा हादिया मध्ये उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. दाऊदशेठ खुर्चीत बसले.

"मी दोनदा दाबलं," ते म्हणाले. "वर थोपटलंसुद्धा."

दुसऱ्या दिवसापासून कामोठ्याच्या फ्लॅटवर बोकडाच्या पायाच्या सुपाचे डबे येऊ लागले. सोबत दूध, अंडी, काट्यासकट खायची बारीक मासळी. हाडाचं माहीत नाही, पण मोहसीनचं पोट मात्र झपाट्यानं भरलं.

सहा आठवड्यांनी तपासणीला दाऊदशेठ हट्टानं बरोबर आले. नव्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती पांढरा ढग जमला होता. "हे नवीन हाड," डॉक्टर म्हणाल्या. "छान धरलंय. गाठ थोडी हाताला लागेल, तिची काळजी नको." त्यांनी पट्टा काढला. "आता हात हळूहळू वर न्या. सावकाश."

मोहसीनचा हात वर निघाला. हादिया खुर्चीच्या कडेवर येऊन बघत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत दाऊदशेठही, जावयाला बळ द्यावं तसा, आपला डावा हात नकळत उचलू लागले. मोहसीनचा हात कानापर्यंत पोचला. दाऊदशेठचा खांद्याच्या खालीच अडकला आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

डॉक्टरांनी मोहसीनला तिथंच सोडलं. "चाचा, तुमचा हात कधीपासून वर जात नाही?"

"जातो की."

"न्या बरं."

दाऊदशेठनी खांदा उचलला, कंबर वाकडी केली, पण हात काही वर गेला नाही.

"सांधा आखडलाय. फ्रोजन शोल्डर म्हणतात. साखर आहे का?"

"थोडीशी," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"अब्बा!" हादिया उठून उभी राहिली. "किती दिवस लपवलंत?"

"लग्नाची गडबड होती, बेटा. तू म्हणाली असतीस, आधी तुमचा हात बरा करू, मग लग्न. तिसऱ्यांदा तारीख बदलायची नव्हती मला."

डॉक्टरांनी दोघांना एकच व्यायाम लिहून दिला आणि दाऊदशेठना साखर तपासायला पाठवलं. हल्ली संध्याकाळी दुकान बंद करून दाऊदशेठ कामोठ्याला येतात. हॉलच्या भिंतीकडे तोंड करून सासरे-जावई शेजारी शेजारी उभे राहतात आणि बोटांनी इंच इंच भिंत चढतात. गुलशन आतून ओरडते, "रंग नवा आहे, हात धुतलेत ना?" आणि दोघं एका सुरात धुतलेत म्हणून सांगतात.