पाच पदकांची पट्टी

"धागा नवा आहे," हेन्रिके म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज जराही अडखळला नाही.

रॉखलिट्झच्या खानावळीतल्या मागच्या खोलीत जुनी लष्करी पदकं जमवणाऱ्यांचं मंडळ महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी बसे. हेन्रिके मंडळातली पारखी. त्या नोव्हेंबरात खिडकीचे पडदे ओढलेले होते आणि तिच्या अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली गोटहोल्ड ईले यांच्या आजोबांची पट्टी होती. पाच पदकं ओळीनं शिवलेली, आणि मागची शिवण निळी पेटलेली.

"जुना सुती धागा या उजेडात असा चमकत नाही. शिवाय क्रमही चुकलाय. युद्धातली पदकं आधी यायला हवीत, इथं जीव वाचवल्याचं पदक पहिलं. लष्करातला शिंपी असं कधीच शिवणार नाही. कुणीतरी इकडची तिकडची पाच गोळा करून जोडलीत."

"म्हणजे उरल्यासुरल्याचं सूप!" मंडळातला ब्योमिग म्हणाला, आणि सगळे हसले.

एक्याऐंशी वर्षांचे ईले पट्टी उचलून निघून गेले. शहराच्या संग्रहालयानं ती प्रदर्शनासाठी मागितली होती. आठवड्याभरात तिथून नम्र नकार आला, तोही हेन्रिकेच्याच शब्दावर. पुढचे तीन शनिवार ईल्यांची खुर्ची रिकामी राहिली.

फेब्रुवारीत हेन्रिके ड्रेस्डेनच्या अभिलेखागारात गेली. आठ महिन्यांच्या लेकीला, लोटेला, आईकडे सोपवून मिळालेले चार तास. त्यात मन अर्धं घरी, आणि छाती दुधानं ठणकत होती. शोधत होती भलत्याच माणसाला. जीव वाचवणाऱ्यांच्या नोंदींचं बाड उलटताना अचानक ओळखीचं आडनाव दिसलं. सार्जंट ओस्वाल्ड ईले, मार्च १९११. मुल्डे नदीवरचा बर्फ फुटला, हा माणूस बुटांसकट पाण्यात उतरला आणि त्यानं चार वर्षांच्या एका मुलीला वर काढलं. मुलीचं नाव एल्सबेथ रोशर. शुद्धीवर यायला तिला पाऊण तास लागला, असं डॉक्टरनं लिहिलं होतं. तो पाऊण तास तिच्या आईनं कसा काढला असेल, ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

पदक मिळालं होतं, हे खरं. पण तेवढ्यानं पट्टी खरी ठरत नव्हती. खऱ्या माणसांच्या नावानं खोट्या पट्ट्या शिवणारे काय थोडे होते? हेन्रिकेनं स्वतःला बजावलं, तरी नोंद उतरवून घेतलीच.

दुसऱ्या दिवशी लोटेला कडेवर घेऊन ती ईल्यांच्या दारात उभी राहिली.

"दिवा आणलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, ईले आजोबा. एक नाव आणलंय. एल्सबेथ रोशर."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "माझी आई," ते म्हणाले. "ज्यानं पाण्यातून काढलं, त्याच्याच घरी सून होऊन आली. या आत, पोरीला गार वारा लागेल."

स्वयंपाकघरात बसल्यावर ते सांगू लागले. "पंचेचाळीस साली रशियन शिपाई घरोघर झडती घेत होते. लष्कराचं काही सापडलं की संपलंच. आईनं आजोबांची पट्टी उसवली आणि पाचही पदकं माझ्या गादीत शिवून टाकली. मी दोन वर्षांचा. माझी पाठ दुखते ना, ती तेव्हापासून!" ते थोडंसं हसले. "मी शाळा सोडली त्या वर्षी तिनं ती पुन्हा जोडली. घरात होता तो धागा घेतला."

"आणि क्रम?"

"मी म्हटलं होतं तिला, आई, हे पहिलं येत नाही. तर म्हणाली, बाकीची तुझ्या आजोबांना लढून मिळाली, हे कुणालातरी जगवून. हे नसतं तर तू कुठून आला असतास?"

हेन्रिकेनं लोटेला छातीशी घट्ट धरलं. "त्या दिवशी हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दिव्याला विचारलंत. मला कुठं विचारलंत?"

ती म्हणाली, "संग्रहालयाला आजच पत्र लिहिते."

"पत्र लिहालच. पण माझ्या आईची शिवण चारचौघांत खोटी ठरली. चारचौघांतच सांगा."

मार्चच्या शनिवारी ईले आले, पण कोटही न काढता दाराशीच उभे राहिले. हेन्रिकेनं उभ्याउभ्या नोंद वाचून दाखवली, नदीची, गादीची, धाग्याची सगळी हकीकत सांगितली. स्वतःला कुठंही वाचवलं नाही.

"दिव्यानं एवढंच सांगितलं होतं, की धागा नंतरचा आहे. बाकीचं मी माझ्या मनानं जोडलं. मी चुकले, ईले आजोबा."

"पण क्रम तर चुकलेलाच आहे ना," ब्योमिग पुटपुटला.

"चुकलेलाच आहे. आणि तो तसाच राहणार," हेन्रिके म्हणाली. "का, ते खाली लिहून पट्टी संग्रहालयात जाईल. त्यांना तसं कळवलंय मी."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ईले सावकाश कोटाची बटणं काढू लागले. वेळ लागत होता. ब्योमिग उठला, आणि त्यानं त्यांची खुर्ची टेबलाशी ओढून दिली.