कमला हवा खायला निघाली

उजाडायच्या आत सायकलवर नवरा-बायको दिसले, की सिंदीच्या वाटेवर भेटणारा माणूस एकच प्रश्न विचारायचा, "कोन गेलं गा?"

त्याचंही बरोबर होतं. मजुरीवर पोट असलेला माणूस बायकोला कॅरिअरवर बसवून भल्या पहाटे निघाला, म्हणजे एक तर मयतीला, नाही तर दवाखान्यात. तिसरं कारण त्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं.

"कोनी नाई गेलं," गुलाब पायडल मारता मारताच सांगायचा. "हवा खाऊन राह्यलो."

विचारणारा खांद्यावरचं वखर खाली टेकवून त्यांच्या पाठमोऱ्या सायकलीकडे बघत राहायचा. मागे बसलेली कमला पदर तोंडावर ओढून घ्यायची. लाज तर वाटायचीच, पण पदराच्या आत ती हसतही असायची.

हे सगळं तापामुळे सुरू झालं. घरचे सगळे नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कमलाला मुदतीचा ताप भरला. वर्ध्याच्या दवाखान्यात ती इतके दिवस पडून होती, की शेजारच्या खाटेवरची बाई बाळंत होऊन घरी गेली आणि ते बाळ दाखवायलाही परत आली. कमला वाचते की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. वाचली. घरी आली तेव्हा डोक्यावर केस उरले नव्हते, आणि मनगटातल्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळत जात. निघताना डॉक्टरीणबाई गुलाबला म्हणाल्या होत्या, "डोक्यावर घागर द्यायची नाही. शेतावर धाडायचं नाही. पावसाळ्यापर्यंत हिला सकाळची मोकळी हवा मिळाली पाहिजे."

गुलाबने हे बोलणं औषधाच्या बाटलीसारखं मनावर घेतलं. तो सिंदीत कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात यंत्रांना तेल घालायचा. कापसाचा हंगाम सरला की जीन बंद पडायचं, आणि इतर वर्षी तो उन्हाळाभर सडकेवर गिट्टी फोडायला जायचा. या वर्षी मालकाने त्याला रिकाम्या जिनाची राखण दिली. रात्री तिथं झोपायचं, सकाळ मोकळी. स्टेशनातला एक बाबू बदलीवर जाताना आपली जुनी सायकल त्याच्या गळ्यात मारून गेला होता. तिच्या कॅरिअरवर गुलाबने कापसाच्या वेचणीतला गाळ भरून पोत्याची गादी शिवली आणि एके पहाटे दारात घंटी वाजवली.

"चाल."

"कुठी?" कमलाने विचारलं.

"कुठीच नाई. हवा खाले."

चुलीजवळून जिजाबाई, म्हणजे गुलाबची माय, कडाडली, "हवा का बाजारात भेटते? दारात बस म्हना, येते हवा. लोक काय म्हनतीन?"

"लोकाईनं दवाखान्यात एक दिवस बसून पाह्यलं का, माय?" गुलाब म्हणाला. जिजाबाईने दोन भाकरी आणि कांदा फडक्यात बांधून कमलाच्या मांडीवर आदळला.

पहिल्या दिवशी कमलाचा जीव मुठीत होता. चाकोरीतून सायकल उडाली, की ती गुलाबचा सदरा धरायची, आणि कुणी समोरून आलं की लगेच सोडून द्यायची. पण चार-सहा दिवसांत तिला सवय झाली, आणि मग तिचं लक्ष वाटेकडे गेलं.

या वाटा तिला नव्या नव्हत्या. पळसगावच्या पांदणीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, ती लहानपणापासून चालली होती. पण डोक्यावर भारा असला की माणसाला आपल्या पायांपुढचीच माती दिसते. आता मान मोकळी होती. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून उघडी झालेली काळी शेतं पार आभाळापर्यंत गेलेली तिला दिसली. मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असायचा आणि त्याचा गोड, जड वास त्यांच्या मागोमाग वळणापर्यंत यायचा. निंबाचा मोहोर अंगावर पडायचा. बांधावरच्या एका बोरीकडे तिने बोट दाखवलं. "इथं मी एकदा डोक्यावर भारा घिऊन रडलतो."

"काऊन?"

"काटा मोडलता. आन् काढाले बसलो तर मांगं पडन, मनून तशीच चाललो."

गुलाबने त्या बोरीपाशी सायकल थांबवली आणि म्हणाला, "बस आता. जितका वेळ बसाचं हाये तितका वेळ बस." दोघं तिथं बसून भाकरी खात राहिले. ऊन बांधावर चढेपर्यंत कुणालाच उठायची घाई नव्हती.

वाटेत एक गाव लागायचं. त्याच्या मोठ्या वाड्यांसमोरून जाताना गुलाबचा बाप जोडे हातात घेऊन चालायचा. गुलाब सायकलवरून उतरत नसे. घंटी वाजवायचा आणि सरळ जायचा. पहिल्यांदा कमलाने मान खाली घातली होती. नंतर तीही मान वर करून बसू लागली.

नदीच्या रेतीत म्हाताऱ्या चिंधूची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, होती. त्याला त्यांचं हे फिरणं मुळीच पटत नव्हतं.

"कोनाच्या घरी चालले?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"कोनाच्याच नाई, बुवा."

"मंग काई इकाले?"

"नाई."

"मंग?"

"असंच."

चिंधूने एक डांगर फोडून दोघांपुढे ठेवलं आणि म्हणाला, "खा. निदान डांगर खाले आल्ते, असं तरी सांगता येईन." तेव्हापासून कुणी विचारलं, की कमला डांगराचं नाव सांगायची. चिंधूच्या त्या एका फोडीने तिची लाज निम्मी कमी केली.

वैशाख लागला. कमलाच्या डोक्यावर बोटभर केस आले, बांगड्या मनगटावर थांबू लागल्या. गुलाबच्या पाठीवर मात्र घामाचे पांढरे ओघळ तिला रोज दिसायचे. रात्रभर राखण करून हा माणूस सकाळी आपल्याला घेऊन हिंडतो. घरात कधी कुणी कुणाचे आभार मानले नव्हते. तसं बोलायची रीतच नव्हती. ती काय बोलणार? एक दिवस ती म्हणाली, "अजी, मले शिकवा ना सायकल."

गुलाबने ब्रेक दाबला. "पडशीन."

"तापात पडलो, त्याच्यापेक्षा काय पडीन?"

जिनाचं आवार उन्हाळ्यात ओस असायचं. हंगामात तिथं कापसाच्या बंड्यांना, बैलगाड्यांना, उभं राहायला जागा नसे, आता नुसती सपाट जमीन. कमलाने लुगड्याचा काष्टा शेतावर कसायची तसा कसला, ओट्यावर उभी राहून दांडीवरून पाय टाकला, आणि गुलाब सीट धरून मागे धावू लागला. पहिल्या दिवशी ती भिंतीवर गेली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाक्यावर. तिसऱ्या दिवशी आवाराला वळसा घालून ती ओरडली, "सोडू नका बरं!" आणि उत्तर लांबून, ओट्यावरून आलं, "मी तं कवाचं सोडलं!" ते ऐकताच ती पडली. गुडघा फुटला. पण पडल्या पडल्याच ती इतकी हसली, की गुलाबला वाटलं हिला चक्कर आली.

एक गोष्ट मात्र तिला काही केल्या जमेना. उतरणं. चढायला ओटा हवा आणि थांबायला गुलाब. तो पुढे येऊन हँडल धरायचा, तेव्हा ती खाली यायची.

असंच एका सकाळी ते नदीपलीकडे बरेच दूर गेले. शेताच्या पल्याड टेंभुर्णीचं झाड पिवळ्या फळांनी लगडलेलं कमलाला दिसलं. "लहानपनी लय खाल्ले," ती म्हणाली. इतकंच म्हणाली. गुलाबने सायकल तिच्या हाती दिली आणि शेतातून निघाला. उन्हाळ्यात काळी जमीन फाटते, भेगा अशा पडतात की त्यात काठी जाते. येताना ओंजळीत फळं होती, नजर कमलाकडे होती, आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत भेगेत गेला. फळं उधळली. गुलाब आडवा झाला.

कमला धावली. तिने पाय हळूच बाहेर काढला, तोवर घोटा सुजू लागला होता. टेकवून पाहिला तर गुलाबने ओठ चावला. तिच्या खांद्याचा आधार घेऊन लंगडत तो कसाबसा पांदणीवर आला. पाण्याचा तांब्या रिकामा होता. ऊन तापत चाललं होतं. या वेळी बंड्या परतलेल्या असतात, वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

"तू जा," गुलाब म्हणाला. "गावातून बंडी घिऊन ये. मी बसतो निंबाखाली."

"जाऊन, बंडी घिऊन, परत येईपर्यंत किती ऊन होईन? पान्याचा थेंब नाई." कमलाने काष्टा कसला. "तुमी मांगं बसा."

"काई बी काय? तुह्यानं मी वढन का? दवाखान्यातून आली तू."

"दवाखान्यातून आलो, त्याले किती दिवस झाले? बसा म्हनलं ना."

आयुष्यात तिने नवऱ्याला असं दरडावलं नव्हतं. गुलाब बसला. चांगला पाय जमिनीला टेकवून त्याने सायकल सावरली, बांधावर उभी राहून कमलाने दांडीवरून पाय टाकला, आणि त्याने रेटा दिला.

सायकल डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग बाभळीच्या काट्यांकडे. "सरळ पाह्य, वं! चाकाकडं नको पाहू!" मागून गुलाब ओरडत होता. चाकं चाकोरीत बसली तशी ती सरळ चालू लागली. मांड्या भरून आल्या. छाती भात्यासारखी हलत होती. उतार आला तेव्हा वारा तोंडावर आला आणि तिच्या डोक्यावरचा पदर उडून खांद्यावर पडला. आखूड केसांतून वारा फिरला. हँडल सोडून पदर सावरता येत नव्हता. तिने राहू दिला.

नदीच्या रेतीत चाकं रुतली, तेव्हा चिंधू झोपडीतून धावत आला. पाय बघितला, दोघांना पोटभर पाणी पाजलं, ओल्या फडक्याने घोटा बांधला. मग कोण पुढे बसणार ते बघून त्याचे डोळे मोठे झाले. पण त्यानेच सायकल पार काठावर चढवून दिली आणि हँडल धरून ठेवलं. "जाय, बाई. जपून जाजो," एवढंच म्हणाला.

सिंदीत शिरताना दुकानं उघडी होती. कापडाच्या दुकानाच्या ओट्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. कुणी म्हणालं, "जमाना उलटा झाला, गा!" दोन-चार जण हसले. पण गुलाबचा बांधलेला, लोंबता पाय दिसला तसं हसणं विरलं. आडवी उभी असलेली आपली बंडी रूपराव हमालाने बैलांसकट मागे सारली आणि वाट करून दिली. "हटा रे, जाऊ द्या तिले!" तो ओरडला. कमला थांबली नाही. तिला थांबताच येत नव्हतं.

दारात जिजाबाई वाट बघत उभी होती. तिने सून पुढे आणि लेक मागे पाहिला, आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"माय, धरजो वं!" गुलाब ओरडला. "हिले उतरता येत नाई!"

जिजाबाईने दोन्ही हात पसरले आणि हँडलला मिठी मारली. सायकल, सून, लेक, तिघंही तिच्या अंगावर कलले, पण म्हातारी हलली नाही.

हळद तापवून घोट्यावर लावली गेली. शेजारचं घर न् घर येऊन बघून गेलं. प्रत्येकाला जिजाबाई सांगत होती, "त्याले काय झालं, घोटा सुजला, उतरन. पन माह्या सुनंनं आनला त्याले. चार महिन्यांमांगं तिले उठून बसता येत नव्हतं." हे सांगताना ती दर वेळी डोळ्यांना पदर लावायची आणि दर वेळी ती चुलीतल्या धुराला दोष द्यायची.

संध्याकाळी अंगणात बाज टाकली होती. गुलाब पाय लांब करून पडला होता, आणि कमला त्याच्या उशाशी बसून आपल्या ठणकणाऱ्या मांड्या दाबत होती. तिला दवाखान्यातली खाट आठवली. तिथल्या छताकडे बघत तिने एकदा मनाशी म्हटलं होतं, की आता नदी काही दिसायची नाही. त्यानंतर नदी किती वेळा दिसली! एखाद्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं, तर ते कुठं ठेवावं, असं तिला झालं.

"दुखते का?" तिने विचारलं.

"नाई." मग पाय जरा सरकवत, "टेंभरं सांडले सारे."

"सांडू द्या." ती त्याचा हात हातात घेऊन बसली. अंगणात माणसं असताना तिने असं कधी केलं नव्हतं. "तुमी मले हवा खाले नेलं ना, मनून मी जगलो. दवाईनं नाई."

"दवाईनंच जगली तू," गुलाब पुटपुटला. त्याने तोंड पलीकडे वळवलं, पण हात सोडवून घेतला नाही.

घोटा बरा व्हायला बरेच दिवस लागले. तोवर फिरणं बंद पडेल, असं शेजाऱ्यांना वाटलं होतं. तिसऱ्याच दिवशी पहाटे जिजाबाईने भाकरी बांधली, नवं लुगडं नेसली आणि सायकलपाशी जाऊन उभी राहिली.

"कुठी चालली, माय?" बाजेवरून गुलाबने विचारलं.

"कुठीच नाई," म्हातारी म्हणाली आणि कॅरिअरवरची गादी हाताने झटकू लागली. "कमले, चाल. ऊन होऊन राह्यलं."