परक्याच्या ओट्यावरून

गोपिकाने आयुष्यभर शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासल्या. कोंबडीच्या पायांसारखं अक्षर, पाण्यात भिजलेला निबंध, आईकडून लिहून घेतलेला गृहपाठ, असं सगळं तिच्या नजरेखालून गेलं होतं. आईचं अक्षर तर ती लांबूनच पकडायची. म्हणून तिचे मोठे दीर मनोहरराव जुनं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्याकडे आले, तेव्हा तिला जरा बरंच वाटलं. रिटायर झालेल्या मास्तरीणबाईला आजकाल कोण विचारतं?

मनोहरराव नोकरीतून मोकळे झाल्यापासून काळबांडे घराण्याच्या वंशावळीमागे हात धुऊन लागले होते. कोणाच्या तेरवीला गेले तरी ताटावर बसण्याआधी मेलेल्याच्या आजोबाचं नाव विचारायचे. पुतणीच्या, म्हणजे गोपिकाच्या मयुराच्या लग्नात ती वंशावळ छापून पाहुण्यांना वाटायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एकच जागा रिकामी होती. त्यांचे आजोबा, बापूजी, लहानपणी काळबांड्यांकडे दत्तक आले. कोणत्या घरून आले, ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आणि आता जुनी ट्रंक उपसताना बापूजींच्या जन्मदात्याचं हे पत्र सापडलं.

"माझा मोतीबिंदू आताच काढला, मले वाचायची बंदी आहे," ते म्हणाले. "खाली गणपत दिसते. आडनाव तेवढं तू पाहून ठेव, बाई. ढोके असन, नाही तं ढोमणे."

ते गेल्यावर गोपिका खिडकीशी बसली. अक्षर वळणदार होतं, शाई विटकी, वर कोपऱ्यात 'तालुका नरखेड'. गणपत, मग 'ढो', मग तेलाचा डाग आणि डागाच्या वर डोकावणारी एक मात्रा. तिने कागद काचेला लावला. उन्हात डागातून हळूहळू अक्षर वर आलं, दोन गोल पोटं आणि बाजूला काना. 'ल'. गणपत ढोले.

मयुराचं लग्न ज्या जितेंद्रशी ठरलं होतं, तो ढोल्यांचाच.

साक्षगंध होऊन अंगठ्या घातल्या गेल्या होत्या. हॉल ठरला होता. पोरीने मुलगा स्वतः पसंत केलेला, आणि नवरा, गोपाळराव, गेल्यापासून घरात पहिल्यांदा हसण्याचा आवाज येत होता. आणि आता हे. दत्तक गेलं तरी रक्त बदलत नाही, असं मानणारं हे घर. एका कुळातली पोरं म्हणजे बहीणभाऊ. मनोहररावांनी तर एका आडनावावरून चुलतभावाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला लावलं होतं, आणि ती पोरगी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

ढोले काय एकच आहेत, अशी तिने मनाची समजूत घातली. पण जिवाला चैन पडेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. मयुराने काय झालं म्हणून विचारलं तर तिच्यावरच खेकसली. शेवटी साड्यांचं निमित्त काढून तिने विहीणबाईंना, इंदूबाईंना, फोन लावला आणि बोलता बोलता मूळ गाव विचारलं.

"आमचं मूळ नरखेड तालुक्यातलं," इंदूबाई खुशीत आल्या. "आमच्या यांचे आजोबा गणपत ढोले म्हणजे मोठं नाव होतं. साऱ्या गावात लिहिता येणारा तो एकच माणूस. लोकं रांगा लावत ओट्यावर."

गोपिकाने यातलं 'गणपत ढोले' एवढंच ऐकलं. पुढे इंदूबाई बराच वेळ बोलत होत्या. ही नुसती हो हो करत राहिली. नाव तेच, आडनाव तेच, तालुका तोच. आता शंका घ्यायलाही जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती ऑटोने लकडगंजला, दिरांच्या घरी, निघाली ती मनाशी पक्कं करूनच. 'ढोके' म्हणायचं. डाग तर आहेच, कोण पाहणार? एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पोरीचा संसार वाचतो. रस्त्याने ती ते खोटं तोंडातल्या तोंडात घोळवत गेली, पोरं परीक्षेआधी कविता घोळवतात तशी. मांडीवरच्या पर्समध्ये ते पत्र होतं.

मनोहरराव काळा चष्मा लावून वाटच पाहत होते. दिवाणभर वंशावळीचा कागद पसरलेला, हातात टोक केलेली पेन्सिल.

"सांग. तू म्हणशीन ते डोळे मिटून लिहितो."

हा भरवसाच नडला. शिव्या दिल्या असत्या तर तिने बेधडक खोटं सांगितलं असतं. तिने तोंड उघडलं आणि निघालं ते खरंच निघालं.

"दादा, ढोले आहे. जितेंद्रचेच ढोले. त्याच्या बाबांचे आजोबा, गणपत. मी विचारून घेतलं." ती पुढे म्हणाली, "माझ्या पोरीचं लग्न मोडू नका."

मनोहररावांनी पेन्सिल खाली ठेवली. चुलतभावाच्या त्या पोरीचा चेहरा गोपिकाच्या डोळ्यांपुढे आला.

"पत्रात काय लिहिलं आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आडनावच पाहिलं काय तू? पत्र वाच पूर्ण."

तिने वाचायला घेतलं. तिने ते आधी वाचलं होतं, पण नाव शोधणाऱ्या घाईने. "पोरगा रात्री रडते काय ते कळवावे. त्याले कुशीवर निजवावे. त्याची माय सारखी वाट पाहून राहिली. सांगायचं लय आहे, पण परक्याच्या ओट्यावर बसलो आहो, मोठ्यानं सांगवत नाही..."

"थांब," मनोहरराव म्हणाले. "कोनाच्या ओट्यावर?"

"परक्याच्या. कुठे मजुरीला असतील, दादा."

"मोठ्यानं काहून सांगते तो? स्वतः लिहिणारा माणूस मोठ्यानं बोलते काय?" ते पुढे सरकले. "सहीच्या वर पाह्य. काही काढलं आहे काय?"

काढलं होतं. आडव्यातिडव्या चार रेघा. टाकाची निब चालते की नाही ते पाहिलं असेल, असं तिला वाटलं होतं. आता तिने कागद लांब धरला. एक वाकडी दांडी, खाली फाळ.

"नांगर आहे," ती म्हणाली.

"मंग तेच." मनोहररावांनी श्वास सोडला. "ज्याले लिहिता येत नाही तो कास्तकार नांगर काढे. ती त्याची सही. खालचं नाव लिहून देणाऱ्याचं. आपल्या भाऊबंदाच्या ओट्याले कोणी परका म्हणते काय?"

लिहिता येणारा तो एकच माणूस. लोकं रांगा लावत ओट्यावर. इंदूबाईंचं बोलणं गोपिकाला आता कुठे ऐकू आलं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं लांबूनच ओळखणारी ती बाई, आणि पोरीच्या काळजीने तिला समोरचं दिसलं नव्हतं. ती पदरात तोंड घालून रडली. मनोहररावांनी तिला रडू दिलं.

"पण मग आडनाव?" जरा वेळाने तिने डोळे पुसत विचारलं. "तुमची जागा रिकामीच राहिली."

"ज्याले पत्र धाडलं त्याले माहीत होतं. आपल्याले नाही."

लग्नात वाटायच्या त्या वंशावळीवरून त्यांनी हात फिरवला. इतक्या तेरव्यांतली चौकशी वाया गेली होती. मग ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "ते पोरगा रडते काय, ते पुन्हा वाच."

तिने वाचलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द.

"रडत होते बापूजी," मनोहरराव म्हणाले. "म्हातारपणीही झोपेत रडत. आम्ही पोट्टे हसत होतो त्यायले."

त्यांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी बंदी केलेले ते ओले डोळे कागदाच्या अगदी जवळ नेले आणि बापूजींच्या नावावरच्या रिकाम्या जागेत एक नांगर काढला.