काडीची माणसं

साहेब, तुम्ही एका शहाण्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोदेखत बिनडोक ठरवलंत. चहा संपायच्या आत.

अर्धांगाच्या झटक्यानं मिस्त्रींची वाचा गेली होती, अक्कल नव्हे. उजवा हात लुळा पडला म्हणून ते डाव्या हातानं चित्रं काढायला लागले. वाटोळं डोकं, काडीचे हातपाय. चहा हवा असला की कप. बायकोवर राग आला तरी कपच, फक्त उलटा.

त्यांचा फर्निचरचा कारखाना त्या चित्रांवरच तगला. कपाटांचं पॉलिश खरखरीत निघायचं, गिऱ्हाईक माल परत पाठवायचं. धाकटा भाऊ पॉलिशवाल्याला शिव्या घालायचा, पॉलिशवाला डब्याला. मिस्त्रींनी भिंतीवर खडूनं सगळा कारखाना काढला. करवत, पंखा, ओली कपाटं आणि मधे ठिपकेच ठिपके. भुसा! पंखाच तो पॉलिशवर नेऊन बसवत होता. मग एक बाण ओढून त्यांनी कपाटं मागच्या खोलीत धाडली. माल परत यायचा थांबला.

“मिस्त्री, माझं पोट एवढं आहे होय?” चित्रात स्वतःला ओळखून पॉलिशवाला म्हणाला. मिस्त्रींनी पोट आणखी फुगवलं. सगळे खो खो हसले. धाकटा तेवढा हसला नाही.

“वहिनी, दादाला आता काही कळत नाही,” घरी येऊन तो म्हणाला. “कारखाना माझ्या ताब्यात असलेला बरा.”

“कळत नाही? मग भुसा कुणाला कळला, भावोजी?”

त्यानं सरळ कोर्टात अर्ज केला. आणि कोर्टानं नेमलेले डॉक्टर म्हणून तुम्ही तपासायला आलात.

“आज वार कोणता? कारखाना कोण चालवतो? बोला लवकर.”

मिस्त्रींच्या तोंडून नुसतं “बा... बा...” आलं. बायको मधे पडली.

“बाई, तुम्ही गप्प बसा.”

मिस्त्रींनी पेन्सिल घेतली. दोन काडीची माणसं, मधे कपाट. मागच्यानं सगळा भार छातीवर पेललेला, पुढच्यानं हात सोडून दिलेले. पुढच्याला धाकट्याच्या मिशा. कागद त्यांनी तुमच्यापुढे सरकवला. धाकट्यानं मान खाली घातली. त्याला बरोब्बर कळलं.

तुम्ही हसलात. “अगदी बालवाडी!” म्हणालात आणि लिहून टाकलंत, ‘आकलनशक्ती नाही.’

कारखाना गेला, तो गेला. पण मिस्त्रींनी पेन्सिलही टाकली. काल बायकोनंच दोन माणसं काढली, शेजारी शेजारी बसलेली. तिला कुठलं चित्र येतंय! एकाचं डोकं खांद्यावरून घसरलं होतं. मिस्त्रींनी कागद पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना भूक लागलीय की कुठं दुखतंय, हेही तिला आता कळत नाही. अंदाजानं घास भरवते. तोंड मिटलं की बाहेर जाऊन रडते.

साहेब, तुम्ही एवढे प्रश्न विचारलेत. त्यातला एक तरी कागदावर चित्र काढून का विचारला नाहीत? ती बाई तुमच्या दारात उभी आहे. तिला उत्तर द्या.