दम धर

शिरूर अनंतपाळच्या पुढं आडवळणाला असलेल्या त्या गावात कुणी पळताना दिसलं की लोक हातातलं काम टाकून मागं धावतात. कुणाची गंजी पेटली, कुणाला सापाचं पान लागलं, काहीतरी आक्रीत घडल्याशिवाय शहाणं माणूस कशाला पळेल? त्यामुळं ग्यानोबांची बबिता दिवाळीनंतर रोज सकाळी तलावाच्या बांधावरून पळायला लागली, तेव्हा सुरुवातीला तिचं पळणं कमी आणि थांबून खुलासे करणंच जास्त झालं. शेजारची केवळाबाई तर हातातली घागर तशीच ठेवून तिच्यामागं निघाली होती. लातूरला गाड्यांची शर्यत आहे, तिची तयारी चाललीय, असं बबितानं सांगितल्यावर केवळाबाईनं विचारलं, "शर्यतीत गाडी पळणार ना? मग तू कायला पळायलीस?"

प्रश्न काही खोटा नव्हता. बबितानं हसून वेळ मारून नेली, पण उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते फारसं हसण्यासारखं नव्हतं.

बबिता गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक. देवणी भागातली गावं आणि वस्त्या तिच्याकडं होत्या. लसीकरण करायचं, आजारी जनावर बघायचं, आणि हे सगळं ग्यानोबांच्या जुन्या शंभर सीसीच्या काळ्या गाडीवरून. रस्ता संपला की गाडीवाट, गाडीवाट संपली की पाऊलवाट, तीही संपली की नांगरट. अशा ठिकाणी गाडी घालायची तिला इतकी सवय झाली होती की डांबरी सडकेवर तिला कंटाळा यायचा. म्हणूनच लातूरच्या बाहेर बार्शी रोडच्या अंगाला एका पडीक रानात घरच्याच गाड्यांची मातीतली शर्यत सुरू झाली, तेव्हा तिनं मागचा-पुढचा विचार न करता नाव दिलं.

ती झाली गेल्या वर्षीची गोष्ट. पहिल्या तीन फेऱ्या बबिता पोरांच्या नाकावर टिच्चून पुढं होती. चौथ्या फेरीत मनगटापासून कोपरापर्यंत हात लाकडासारखे कडक झाले. बोटं क्लचवर होती, पण ती तिची राहिली नव्हती. वळण आलं, बोटं उघडली नाहीत, आणि गाडी कडेला रचलेल्या कडब्याच्या पेंढ्या फोडून पलीकडं गेली. खांद्याजवळचं हाड मोडलं. दोरीला टेकून उभ्या असलेल्या ग्यानोबांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं.

हाड जुळलं, पण बापाचं मन काही जुळेना. नांदेडला कामाला असलेला धाकटा सोमेश गाडी मागतच होता. त्याला बसनं जाऊन उशीर व्हायचा. यंदा बबितानं पुन्हा शर्यतीचा विषय काढला, तेव्हा ग्यानोबा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "जा. पण ह्याच बारीला. सगळ्या फेऱ्या करून गाडीवर बसून परत आलीस तर गाडी तुझी. पडलीस नाहीतर मधीच थांबलीस, तर गाडी सोमेशला. तू बसनं जायचं, रस्त्याच्या कडंला असतील तेवढीच गावं बघायची."

बबितानं हो म्हटलं. म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर एकेक वस्ती येत होती, जिथं बस आजवर गेली नाही आणि जाणारही नाही. ती गाडी गेली तर तिच्या नोकरीचा जीवच गेला असता. नोकरी राहिली असती, पण तिला आवडतं ते त्यातलं काहीच राहिलं नसतं.

म्हणून हे पळणं. नांदेडला ज्योत्स्ना नावाची तिची मैत्रीण होती, मोडलेल्या-आखडलेल्या लोकांकडून व्यायाम करवून घेणारी, आणि सुट्टीच्या दिवशी गोदावरीच्या अंगाच्या खडकाळ माळावर स्वतः गाडी फिरवणारी. मोडलेल्या खांद्यापायी दोघींची ओळख झाली होती. मातीतली गाडी हातानं नाही, पायानं आणि पोटानं चालवायची असते, हे तिनं बबिताच्या डोक्यात भरवलं. मग सकाळी पळणं, दावं घेऊन दोरीवरच्या उड्या, उठाबशा, कोपरांवर अंग तोलून धरणं, असं सगळं सुरू झालं. आई मंजुळाबाई भिजवलेले हरभरे वाटीभर पुढ्यात ठेवायची आणि घोड्याला घातल्यासारखं वाटतंय म्हणून स्वतःच हसायची.

गंमत म्हणजे अट घालणारे ग्यानोबाच संध्याकाळी पोरीला घेऊन सोयाबीन काढलेल्या रानात जायचे. पोरीनं शर्यतीत जाऊ नये असं वाटायचं आणि गेलीच तर पडू नये असंही वाटायचं. बापाच्या जातीला दोन्ही एकदम वाटू शकतं. ते दगड मांडून वळणं करायचे, प्रत्येक वळणावर उभे राहायचे आणि बबिता जवळ आली की खड्या आवाजात ओरडायचे, "दम धर, बबे, दम धर."

पौष सरत आला तसं अंग तयार झालं. मांड्या दगडासारख्या झाल्या, बांधावरून तलावाला वळसा घालून आली तरी धाप लागेना. पण गाडीवर बसून दगडांना पाच-सहा वळसे झाले की हात पुन्हा लाकूड. बोटं पुन्हा परकी. एवढा घाम गाळून पहिले पाढे पंचावन्न. एकदा तर ती रानात गाडी टाकून ढेकळावर बसली आणि रडली. ग्यानोबा लांब उभे होते. त्यांना वाटलं, डोळ्यांत फुफाटा गेला.

रविवारी तिनं नांदेड गाठलं. ज्योत्स्नानं तिला माळावर गाडी फिरवायला लावली आणि स्वतः मागं राहून बघत बसली. बबिता थांबली, हेल्मेट काढलं आणि मोठ्यानं श्वास ओढला. ज्योत्स्ना म्हणाली, "विहिरीत बुडी मारून वर आल्यासारखी का दिसतेस तू? तुझ्या हाताला काही झालेलं नाही. गाडीवर तू श्वासच घेत नाहीस."

बबिताला हे पटेना. श्वास काय, तो आपोआप चालतो. मग ज्योत्स्नानं तिला छातीकडं लक्ष ठेवून पुन्हा फिरायला लावलं, आणि खरंच, वळण आलं की छाती भरून घेतली जायची आणि कुलूप लागायचं. श्वास कोंडला की खांदे वर, खांदे वर की मुठी घट्ट, मुठी घट्ट की हात गेले. वळणावर श्वास सोडायचा, एवढंच काम होतं. पण बबिताला एका वळणावर आठवायचं आणि दुसऱ्यावर विसरायचं. ज्योत्स्नानं गाणं म्हणायला सांगितलं, तर गाण्याचे शब्द आठवण्याच्या नादात ती एका बाभळीला जाऊन चिकटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या रानात ती छातीवर लक्ष ठेवून निघाली. पहिल्या दगडापर्यंत श्वास ठीक चालला होता. तिथं ग्यानोबा ओरडले, "दम धर." आणि तिला स्वतःच्या छातीत कुलूप पडल्याचं स्पष्ट कळलं.

तिनं जागेवर ब्रेक मारला.

बारा वर्षांची असताना ह्याच रानात, ह्याच गाडीवर ग्यानोबांनी तिला पुढं बसवून शिकवलं होतं. क्लच सोडताना गाडी गचके देऊन बंद पडायची आणि बाप मागून सांगायचा, दम धर, दम धर. भाकरीसाठी दम धर म्हटलं की थांबायचं असतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण इथं खाली इंजिन धडधडतंय, पाय टेकत नाहीत, बाप कानाशी सांगतोय दम धर; पोरीनं छातीत दम भरून घेतला आणि धरून ठेवला. आणि नेमकी त्याच वेळी गाडी न गचकता निघाली. ग्यानोबा शाब्बास म्हणाले. तेव्हापासून आजपर्यंत अवघड जागा आली की बबिता आज्ञाधारकपणे दम धरत आली होती.

तिनं हेल्मेट काढून विचारलं, "आबा, दम धर म्हणजे तुमाला काय म्हणायचं असतं?"

"घाई करू नको, म्हणायचं असतं. दुसरं काय असतंय?"

बबितानं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला हसू आवरेना. घरी मंजुळाबाईही पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, बैलांनाही हे असंच सांगायचे, बरं झालं बैलांनी मनावर घेतलं नाही. ग्यानोबा मात्र हसले नाहीत. जेवण अर्ध्यावर टाकून उठले आणि दारात जाऊन बसले. बबिता मागोमाग गेली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मागल्या साली त्या वळणावर मीच वरडलो होतो. दम धर म्हणून. तू पडायच्या आधी."

वर्षभर हा माणूस ते वळण एकट्यानंच उगाळत बसला होता, हे बबिताला आत्ता कळलं. ती म्हणाली, "तुमी बरोबरच सांगितलं, आबा. मीच उलटं ऐकलं." दुसऱ्या दिवशी ग्यानोबा रानात आले, दगड मांडले आणि तोंड मिटून उभे राहिले.

कुलूप कुठलं ते कळलं, पण किल्ली सापडत नव्हती. ती सापडली देवणीजवळच्या एका वस्तीवर. गुरुपादप्पांच्या गोठ्यात बुजरी गाय होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, ताकद अशी की दोन गडी आवरेनात. बबिता तिच्या मानेवर हात ठेवून नेहमीसारखी बोलत होती, हां माय, सरक जरा, झालं बघ, लई गुणाची तू, हं, सरक. सुई लागली, निघाली, गाय रवंथ करत राहिली. गुरुपादप्पा हसून म्हणाले, डॉक्टरीणबाई, तुमचं तोंड बंद पडलं तर ढोरं हात लावू द्यायची न्हाईत.

बबितानं आपल्या हाताकडं बघितलं. आडदांड जनावराच्या मानेवर तो सैल पडला होता. छाती चालू होती. चालू असणारच, बोलत असलेल्या माणसाला श्वास कोंडता कसा येईल?

त्या संध्याकाळी ग्यानोबांना लांबून वाटलं, पोरगी गाडीवरच फोनवर कुणाशी तरी भांडतेय. जवळ आल्यावर ऐकू आलं, "हां माय, सरक, सरक, वळ आता, हं, घाई न्हाई, लई गुणाची." गाडी वळत होती. दगडांना कितीतरी वळसे झाले. अंधार पडायला लागला तेव्हाच ती थांबली आणि बोटं उघडून-मिटून बापाला दाखवली.

शर्यतीच्या दिवशी लातूरला ऊन चढलं होतं. माती पिठासारखी झालेली, पहिल्याच फेरीत फुफाटा असा उठला की पुढचा माणूस दिसेना. तीस-पस्तीस पोरं होती, बाई एकटी बबिता. ग्यानोबा दोरीपाशी, गेल्या वर्षीच्याच वळणावर उभे. सकाळपासून त्यांनी तोंडात सुपारी धरली होती, जीभ गुंतून राहावी म्हणून.

पहिल्या तिन्ही फेऱ्यांत ती कुठं पुढं नव्हती, पण चालली होती छान. खांदे खाली, कोपरं सैल, तोंड चालू. चौथ्या फेरीत एक पोरगं आतून घुसलं आणि तिच्या पुढच्या चाकाला घासून गेलं. गाडी हेलकावली. बबितानं सावरली, पण सावरताना बोलणं तुटलं. छाती भरली आणि कुलूप पडलं. बोटांत मुंग्या आल्या. समोर तेच वळण, त्याच पेंढ्या, आणि डोक्यात नुसती भीती. एक शब्द आठवेना.

हेल्मेटच्या आतलं तोंड ग्यानोबांना दिसत नव्हतं. पण तिचे खांदे कानाला लागलेले त्यांना दिसले. जन्मभर जनावरांच्या खांद्यांकडं बघून ओझं ओळखणारा माणूस तो. त्यांनी सुपारी थुंकली, दोरीवर अर्धे वाकले आणि सगळा गळा काढून ओरडले, "बोल गं बबे, बोल."

आजूबाजूचे लोक त्यांच्याकडं बघायला लागले. वळणासाठी बबितानं ब्रेक आवळला होता, इंजिनाचा आवाज खाली आला होता, तेवढ्यात ते तिच्या कानावर पडलं. लहानपणापासून ज्या आवाजानं तिला धरायला सांगितलं, तो आवाज सोडायला सांगत होता. "हां माय," ती म्हणाली. कोंडलेला श्वास भसकन बाहेर पडला. "सरक, सरक." खांदे उतरले, बोटं उघडली, क्लच सुटला, आणि पेंढ्या उजव्या हाताला मागं पडल्या.

उरलेल्या फेऱ्या तिनं बडबडत काढल्या. गाडीशी बोलली, मातीशी बोलली, पुढच्या पोराला मनसोक्त शिव्या दिल्या. शेवटचं निशाण पडलं तेव्हा ती अकरावी होती आणि गाडीवर बसलेली होती.

ग्यानोबा दोरीखालून वाकून आले. कितवी आलीस, हे त्यांनी विचारलंच नाही. "हात दाव," म्हणाले. तिनं हातमोजे काढून दोन्ही हात पुढं केले आणि बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांनी ते हात आपल्या हातात घेतले आणि धुळीनं भरलेला चेहरा दुसरीकडं फिरवला. डोळ्यांत फुफाटा गेला म्हणाले.

मग खिशातून फोन काढून त्यांनी सोमेशला लावला. "सोमेशा," ते म्हणाले, "तू बसनंच जात जा बाबा. गाडीला आता हिचंच बोलणं कळतंय."