पाळण्यात सरकी आहे

मी एक जुना पाळणा आहे. मित्रांनो, नारायणगडाच्या वाटेवरच्या एका लहानशा गावात धोंडीराम सुताराने मला सागवानात घडवले आणि माझ्या कठड्यावर पोपट कोरले. चाळीस उंबऱ्यांच्या त्या गावात माझ्या तोडीचा पाळणा दुसरा नव्हता. कुठे बाळ जन्मले की मला त्या घरी नेत. एका घरची पोर रांगू लागते न लागते तोच दुसऱ्या घरचे बोलावणे यायचे. फुशारकी वाटेल, पण अर्धे गाव माझ्यात झोपून मोठे झाले.

निजाम सरकारच्या हुकुमाने शिरगणती आली, तेव्हा मी सत्यभामाबाईच्या घरी होतो. शाळेचे त्रिंबक मास्तर दारोदार फिरून माणसे लिहीत होते. सत्यभामाबाईने मोठ्या तोऱ्यात दोन लेकरे दारात उभी केली आणि तिसरे माझ्यात दाखवले.

शेजारची म्हातारी भिवराबाई कडाडली, "अगं, लेकरं मोजीत अस्त्यात व्हय? नजर लागती!"

सत्यभामाबाई नुसती हसली.

काही वर्षांनी मानमोडीच्या तापाची साथ आली. मेलेल्यांना उचलायला माणूस मिळेना. सत्यभामाबाईची तिन्ही लेकरे एका आठवड्यात गेली. ओस पडलेल्या घरांच्या दारांना बाभळीच्या काट्या लागल्या. मला न्यायला कोणीच येईना, कारण गावात तान्हे मूलच उरले नव्हते. सत्यभामाबाईच्या मनाने मात्र एकच घेतले: लेकरे मोजली, म्हणून गेली.

उतारवयात तिला पुन्हा एक लेक झाली आणि मला परत तिच्या घरी नेले. या खेपेला तिने बारसे केले नाही, नावही ठेवले नाही. लवकरच दुसरी शिरगणती आली. मास्तरांचा आवाज ऐकताच तिने माझ्यावर गोधडी ओढली.

"पाळण्यात काय आहे, बाई?"

"सरकी हाय, मास्तर."

आत पोर मूठ चोखत होती. ओरडून खरे सांगावेसे वाटले, पण लाकडाला कुठले तोंड? मास्तरांनी नवरा-बायको तेवढी लिहिली आणि ते पुढच्या घरी गेले.

त्याच वर्षी पावसाळ्यात पोरीला ताप भरला. तिचा बाप शहादेव चिखल तुडवत बीडला गेला आणि हकिमाचे औषध घेऊन आला. ते तिच्या घशाखाली उतरलेच नाही. पहाटे ती माझ्यातच गेली.

मास्तर भेटायला आले, तेव्हा सत्यभामाबाई माझ्याजवळच बसली होती.

"मास्तर, सरकी नव्हती त्यात. माझी लेक व्हती. तिला लिवा."

"कागद कधीच बीडला गेले, बाई."

"मोजली न्हाई, तरी गेलीच की वो! कुटं तरी लिवा. ती व्हती या गावात."

मास्तरांनी खिशातून कागदाचा एक कपटा काढला, पेन्सिल थुंकीने ओली केली आणि हळूच विचारले, "नाव काय तिचं?"

सत्यभामाबाईने तोंड उघडले, पण सांगायला नावच नव्हते. माझ्या कठड्यावर डोके आपटून तिने जो हंबरडा फोडला, तो मी कधीच विसरणार नाही.

आता मी अडगळीत पडून आहे. वाळवी माझे पोपट खाते आहे. मला बाहेर काढा असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, तर त्याला नाव द्या आणि त्या नावाने रोज मोठ्याने हाक मारा. शेजारपाजारच्यांनाही ती ऐकू जाऊ द्या.